परक्या पायांचे गोल

शंकेखोर : सर, दहा क्लबांत खेळलेला म्हणजे दहा क्लबांतून बाहेर पडलेला, हे आधी मान्य करा, मग पुढचं बोलू. तुमचं म्हणणं असं, की जो स्ट्रायकर देशोदेशी फिरला त्याला खेळ सगळ्या बाजूंनी कळलेला असतो, म्हणून तो उत्तम प्रशिक्षक होतो. मला उलट वाटतं. स्ट्रायकरला बोलावतात ते गोल करायला. गोल आटले की हातात नारळ मिळतो आणि त्याच्या जागी दुसरा येतो. चौदा वर्षांचा पोरगा कसा घडवायचा, लागोपाठ चार सामने हरलेल्या संघाला पाचव्या सामन्यासाठी कसं उभं करायचं, हे त्याच्या कामात कधी आलेलंच नसतं. आपल्या जवळचं उदाहरण गोव्याचं. २००१-०२ ते २०१२-१३ या बारा मोसमांत, राष्ट्रीय लीग आणि नंतरची आय-लीग धरून, अकरा वेळा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू आफ्रिकेतला होता आणि त्यांतल्या दहा वेळा तो गोव्याच्या क्लबाकडून खेळत होता. घानाचा युसिफ याकुबू चर्चिल ब्रदर्सकडून लागोपाठ दोन मोसम, १८ आणि २१ गोल. नायजेरियाचा दुदू ओमागबेमी स्पोर्टिंग क्लब द गोवाकडून २१. मग रँटी मार्टिन्स धेंपोकडून, मग ओडाफा ओकोली चर्चिलकडून सलग चार मोसम, मग पुन्हा रँटी, ३० आणि पुढच्याच वर्षी ३२. हे गोल खरे आहेत आणि त्यांचा आनंद मीही घेतला. पण एवढी वर्षं त्यांच्या शेजारी खेळून तयार झालेला एक गोमंतकीय किंवा मराठी सेंटर फॉरवर्ड मला दाखवा. गोल झाले, चषक आले, विद्या मात्र त्यांच्याबरोबर विमानात बसून गेली.

चाहता : काका, जे काम त्यांना कोणी सांगितलंच नाही, त्याचा हिशोब तुम्ही त्यांच्याकडे मागताय. रँटी मार्टिन्स २००४ पासून २०१२ पर्यंत एकाच धेंपोत होता. याला फिरस्ता कसं म्हणायचं? या लीगमध्ये दोनशे गोलांचा टप्पा सगळ्यांत आधी त्याने गाठला. क्लबाने त्याला कधी सांगितलं का, की दुपारी दोन तास आमच्या सोळा वर्षांखालच्या पोरांना दे आणि त्याचे वेगळे पैसे घे? तसं ठरवून झालं असतं आणि तरीही पोरं तयार झाली नसती, तर तुमचा आक्षेप मी मुकाट मान्य केला असता.

आता फिरस्तीचं बोलू. बेनी मॅकार्थी केप टाउनच्या हॅनोव्हर पार्कमधला. वर्णभेदाच्या राजवटीत शहरातून उठवलेल्या लोकांची ती वस्ती. तिथून तो हॉलंडला आयॅक्समध्ये गेला, तिथून स्पेनमध्ये सेल्टा व्हिगो, पोर्तुगालमध्ये पोर्टो, इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्न आणि वेस्ट हॅम, शेवटी मायदेशी ऑरलँडो पायरेट्स. दक्षिण आफ्रिकेकडून ३१ गोल, त्या देशात सर्वाधिक. २००४च्या फेब्रुवारीत पोर्टोकडून त्याने मँचेस्टर युनायटेडवर दोन गोल केले आणि त्याच मोसमात पोर्टो युरोपचा विजेता झाला. पुढे २०२२ मध्ये त्याच मँचेस्टर युनायटेडने आपल्या आघाडीच्या खेळाडूंना शिकवायला त्याला बोलावलं. हॉलंडमध्ये पासाचा कोन शिकला, पोर्तुगालमध्ये मोरिन्योच्या हाताखाली शिस्त शिकला, इंग्लंडमध्ये अंगावर येणाऱ्या बचावपटूला खांद्यावर कसं झेलायचं ते शिकला. एका जागी बसून एवढं मिळत नाही.

शंकेखोर : मोरिन्योचं नाव तुम्हीच काढलंत, बरं झालं. मॅकार्थी ज्याच्याकडून शिकला तो मोरिन्यो स्वतः खेळाडू म्हणून कुठे होता? दुभाषाचं काम करत करत वर आलेला माणूस. गोव्यात पाहा. धेंपोने २००४-०५ ते २०११-१२ या काळात पाच वेळा लीग जिंकली, ती आर्मांदो कुलासोंच्या हाताखाली. जगभर खेळून आलेले नव्हेत ते, गोव्याच्या मातीतले. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ची लीग जिंकली तेव्हा पुढे गोल मारायला याकुबू होता, पण संघ बांधला होता डेरिक परेरांनी. तेही गोव्याचे, आणि आयुष्यभर बचावफळीत खेळलेले. तेच परेरा पुढे पुण्यात आले आणि पुणे एफसीला त्यांनी २०१२-१३ मध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत नेलं. त्या संघात जेम्स मोगा होता, दक्षिण सुदानचा. आपल्या नव्या कोऱ्या देशाच्या पहिल्याच आंतरराष्ट्रीय सामन्यात, युगांडाविरुद्ध, गोल करणारा. केवढं मोठं भाग्य! पण वर्षभरात तो पुण्यातून ईस्ट बंगालला गेला. परेरा मात्र इथल्या फुटबॉलमध्ये शिकवतच राहिले. खालिद जमील घ्या. महिंद्राकडून खेळले, मुंबई एफसीत वर्षानुवर्षं प्रशिक्षक राहिले, आयझॉलसारख्या छोट्या संघाला २०१६-१७ ची आय-लीग जिंकून दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले. एका जागी मुरलेली माणसं आहेत ही. उलट उदाहरण हवं असेल तर मुंबई सिटीने २०१५ मध्ये निकोलस अनेल्काला खेळाडू आणि प्रशिक्षक असं दोन्ही केलं होतं. पॅरिस, आर्सेनल, रिआल माद्रिद, लिव्हरपूल, चेल्सी, युव्हेंटस, काय काय पाहिलेला माणूस! त्या मोसमात एफसी गोवाने त्याच्या संघाला सात गोलांनी हरवलं. सात-शून्य. आठ संघांत मुंबई सहावी आली.

चाहता : आणि त्या सातांतले तीन गोल कोणी केले? दुदू ओमागबेमीने. पण ते जाऊ द्या, अनेल्काचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. त्याला नावावर काम मिळालं. मॅकार्थीला तसं मिळालं नाही. तो आधी बेल्जियममध्ये सिंट-ट्रुइडनला सहायक होता. मग २०१७ मध्ये केप टाउन सिटीचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि दुसऱ्या वर्षी त्यांना चषक मिळवून दिला. मग डर्बनचा अमाझुलू, कुणाच्या खिजगणतीत नसलेला संघ, त्याने लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकावर नेला. मँचेस्टर त्यानंतरचं. म्हणजे खेळाडू म्हणून जसा शिडीच्या खालच्या पायरीपासून चढला, तसाच प्रशिक्षक म्हणूनही चढला. नुसतं फिरल्याने कोणी शहाणा होत नाही, हे मला मान्य. फिरलेला माणूस पुन्हा विद्यार्थी व्हायला तयार असेल तर त्याची फिरस्ती कामाला येते.

कुलासो, परेरा, जमील यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली. मोगा पुण्यातून गेला म्हणता, मग पुणे एफसी कुठे आहे? महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. मुंबई एफसी २०१७ मध्ये संपला. धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी २०१६ मध्ये आय-लीगमधून अंग काढून घेतलं. ज्या घराचा उंबरा राहिला नाही त्या घरातून पाहुणा लवकर उठला, अशी तक्रार कशी करणार? याकुबूला मुंबईत राहून प्रशिक्षक व्हायचं होतं असं समजा. कोणत्या क्लबात झाला असता?

शंकेखोर : हा घाव बसला. क्लबच टिकले नाहीत, हे खरं आहे, आणि त्याची लाज परक्या माणसाला नाही, आपल्याला वाटली पाहिजे. पण त्यातून माझा मुद्दा आणखी पक्काच होतो. क्लब टिकले नाहीत याचं एक कारण हेच, की त्यांनी गोल विकत घेतले. आपल्याकडे हळदीचं बेणं राखून ठेवावं लागतं, हे वसमतच्या शेतकऱ्याला शिकवायला नको. यंदाचं सगळं पीक मोंढ्यावर घातलं तर पुढच्या वर्षी जमिनीत काय घालणार? गोव्याच्या क्लबांनी दहा-बारा वर्षं बेणं राखलंच नाही. परिणाम बघा. १९९६-९७ मध्ये पहिल्या राष्ट्रीय लीगचा सर्वाधिक गोल करणारा बायचुंग भुतिया होता, दुसऱ्या वर्षी रमण विजयन. त्यानंतर भारतीय नाव त्या यादीत शोधावं लागतं. आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग आली, तिथेही सुरुवातीच्या मोसमांत मैदानावर सहा परदेशी चालत. पुढे ते पाच झाले, मग चार. पण जागा कमी केल्या तरी क्लब पहिली जागा परदेशी स्ट्रायकरलाच देतात. आपल्या पोरांना उजव्या-डाव्या बाजूला सरकवतात. आणि मग सुनील छेत्री जून २०२४ मध्ये निवृत्त होतो, भारतीय संघाला गोल होईनात म्हणून मार्च २०२५ मध्ये त्याला चाळिशीत परत बोलवावं लागतं. चाळीस वर्षांच्या माणसाला, सर! त्याच्या जागेवर उभा राहील असा एक पंचविशीचा पोरगा या देशात सापडू नये?

चाहता : छेत्रीला परत बोलावलं तेव्हा मलाही वाईट वाटलं. पण रोग कुठे आहे, ते नीट बघू. २०१७चा सतरा वर्षांखालचा विश्वचषक आपल्या देशात झाला. कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या संघात होता, आघाडीचा खेळाडू, पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीत घडलेला. त्या स्पर्धेत आपण दिल्लीत घानाशी खेळलो आणि चार-शून्य हरलो. त्या वयाच्या पोरांची जागा कोणत्याही परदेशी स्ट्रायकरने अडवलेली नव्हती. ना रँटी, ना ओडाफा. तरी घानाची पोरं वेगळ्याच इयत्तेत होती. म्हणजे फरक पडतो तो वयाच्या दहाव्या वर्षापासून सोळाव्या वर्षापर्यंत. परदेशी स्ट्रायकरमुळे आपला स्ट्रायकर झाकोळला, हे अर्धंच खरं. झाकोळण्याजोगा आपला होता किती?

आणि परदेशी माणूस देतो काय, तेही सांगतो. मुंबई सिटीचा २०२०-२१चा अंतिम सामना आठवा. करोनामुळे सगळी स्पर्धा गोव्यात, रिकाम्या मैदानांवर. फातोर्ड्याला एटीके मोहन बागानविरुद्ध एक-एक बरोबरी. नव्वदावं मिनिट. बार्थोलोम्यू ओगबेचे, नायजेरियाचा, छत्तिशीतला. पॅरिस सेंट-जर्मेनमध्ये सुरुवात, मग स्पेन, ग्रीस, इंग्लंड, हॉलंड करत आलेला. चेंडू आणि गोलरक्षक एकाच वेळी त्याच्यासमोर. त्या जागेवरून बहुतेक स्ट्रायकर डोळे मिटून फटका मारतात. तो गोलरक्षकाशी झुंजला, चेंडू सोडला नाही, मान वर केली, आणि बिपिन सिंगला दिला. बिपिनने गोल केला, मुंबई विजेती. त्या एका क्षणात वीस वर्षांची फिरस्ती आहे. कुठल्या मैदानावर किती घाई झाली, कुठे हातचा गोल गेला, हे सगळं जमा होऊन त्याच्या मानेत उतरलेलं होतं. ही मान वर करण्याची सवय शिकवता येते. फक्त ज्याला आहे त्याच्याकडूनच.

शंकेखोर : शिकवता येते, हे तुम्ही गृहीत धरलंत. तीच तर माझी शंका आहे. ज्याला उपजत येतं त्याला समजावून सांगता येत नाही. तो म्हणतो, "मी तिथे होतो, म्हणून गोल झाला." तिथे का होतास, हे विचारलं तर खांदे उडवतो. उलट ज्याला एकेक गोष्ट धडपडून शिकावी लागली, त्याला पायऱ्या माहीत असतात.

चाहता : ॲलेक्स फर्ग्युसन स्ट्रायकर होता. योहान क्रॉयफ स्ट्रायकर होता, आणि उपजत म्हणाल तर त्याच्याएवढं उपजत कोणाकडे होतं? सगळ्यांना येत नाही, पण कोणालाच येत नाही असंही नाही. शिवाय मॅकार्थीचं पुढचं काम ऐका. मार्च २०२५ मध्ये तो केनियाचा प्रशिक्षक झाला. ऑगस्टमध्ये आफ्रिकेची एक स्पर्धा होती, तिचा नियम असा, की आपल्याच देशाच्या लीगमध्ये खेळणारे खेळाडूच घ्यायचे. युरोपात गेलेला एकही नाही. म्हणजे सगळ्यांत जास्त फिरलेल्या माणसाच्या हाती दिली ती सगळी घर न सोडलेली पोरं. त्यांनी मोरोक्कोला एक-शून्य हरवलं, तेही दहा जणांनी खेळून. उपांत्यपूर्व फेरीत पेनल्टीवर हरले, पण सारा देश रस्त्यावर आला होता. तुमचे दोन शब्द आहेत ना, फिरणारा आणि थांबणारा? त्या संघात दोघे एकत्र आले.

शंकेखोर : यजमान देश होता तो, घरचं मैदान होतं, हे धरूनही मी ही गोष्ट मानतो. नीट ऐकली तर ती माझ्या शंकेला धक्का देणारी आहे. पण त्यातला एक तपशील तुम्ही पटकन ओलांडलात. मॅकार्थी आफ्रिकेतच परत गेला. त्याने जे गोळा केलं ते आपल्या खंडात नेलं. २०२२च्या विश्वचषकात आफ्रिकेच्या पाचही संघांचे प्रशिक्षक आफ्रिकेचेच होते, असं पहिल्यांदाच घडलं, आणि त्यांतला मोरोक्को थेट उपांत्य फेरीत गेला. मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण मग गोव्याने, मुंबईने, पुण्याने ज्यांना पगार दिले त्यांची विद्या आपल्याकडे का राहावी? कोणत्या नात्याने?

चाहता : नातं जोडावं लागतं, काका, आणि आपण ते जोडलं नाही. आपल्या लीगमध्ये पाय आफ्रिकेतून आणले आणि डोकं स्पेनमधून. मुख्य प्रशिक्षकांची यादी काढा, हाबास, लोबेरा, कुआद्रात, फेरांदो, मार्केझ. सगळे चांगलेच प्रशिक्षक, त्यांच्याबद्दल बोलत नाही मी. पण इतकी वर्षं ज्यांनी आपल्याला गोल दिले त्यांच्यातल्या कोणाला आपण विचारलं, की बाबा, तू शिकवशील का? आफ्रिकी माणूस म्हणजे ताकद आणि वेग, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. त्याच्याकडे बुद्धी असेल, तो फळ्यावर आकृती काढेल, हे आपल्या कल्पनेतच येत नाही. मोहन बागानने १९९१ मध्ये चिमा ओकोरीला घेतलं, तोवर तो क्लब परदेशी खेळाडू घेतच नव्हता. तो दरवाजा एका नायजेरियन स्ट्रायकरसाठी उघडला. पण उघडला तो फक्त मैदानाचा. शिकवण्याच्या खोलीचा दरवाजा बंदच राहिला. आणि ज्याला आपण माणूस म्हणून नीट वागवत नाही, तो आपल्याला विद्या कशी देईल? मार्च २०२४ मध्ये मलप्पुरम जिल्ह्यात सात-सात जणांच्या स्पर्धेत आयव्हरी कोस्टच्या एका खेळाडूला प्रेक्षकांनी पाठलाग करून मारलं. आपल्याला रंगावरून शिव्या दिल्या, अशी त्याची तक्रार होती. केरळ आहे ते, फुटबॉलवर जीव टाकणारं राज्य.

शंकेखोर : ते वाचून माझी मान खाली गेली होती. इथे उद्या असा माणूस आला तर वसमतच्या रस्त्यावर लोक त्याला थांबून थांबून बघतील. बघण्यात वाईट काही नसेलही सुरुवातीला. पण रोज बघितलं गेलेला माणूस किती दिवस राहील? हा माझ्या आक्षेपातला भाग नव्हता, तुम्ही आणलात, आणि आता तो बाजूला ठेवता येत नाही.

तरी मूळ प्रश्नावर येतो. २०१७च्या सप्टेंबरमध्ये सरकारने राज्यभर 'मिशन वन मिलियन' केलं. एका दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळायचा. शाळाशाळांना चेंडू दिले. चांगली गोष्ट होती, पोरं खुश झाली. पण चेंडूबरोबर शिकवणारा आला नाही. तुम्हीच सांगा, सर, तुमच्या मैदानावर सकाळी सहाला काय दिसतं?

चाहता : पोलीस भरतीची पोरं सोळाशे मीटर पळताना दिसतात. कबड्डीचा एक गट असतो. आणि कोपऱ्यात बारा-पंधरा पोरं फुटबॉल खेळतात. चेंडू जिकडे, सगळी तिकडे. घोळका. मी ओरडतो, पसरा, पसरा. पसरतात, दोन मिनिटांत पुन्हा घोळका. एक पोरगा आहे, चपळ आहे, पायाला डोळे आहेत त्याच्या. तो पुढे उभा राहतो, पण नेमका बचाव करणाऱ्याच्या समोर. त्याला मी सांगतो, समोर नको, त्याच्या पाठीमागच्या खांद्याआड उभा राहा, म्हणजे त्याला एकाच वेळी चेंडू आणि तू दोन्ही दिसणार नाहीत. त्याला चेंडू बघायचा असेल तर तू दिसणार नाहीस, तुला बघायचं असेल तर चेंडू सुटेल. हे मी सामने बघून, पुस्तक वाचून शिकलो. पोराला सांगितलं, त्याला पटलं. पण सरकायचं कधी? पास निघायच्या आधी की निघाल्यावर? अर्धं पाऊल की दोन पावलं? तिथे मी अडतो. माझं शिक्षण कबड्डी आणि ॲथलेटिक्सचं. फुटबॉलमध्ये मी ज्या प्रसंगात कधी उभा राहिलो नाही, तिथलं अर्धं पाऊल मी कसं शिकवू? ओगबेचेला, याकुबूला ते झोपेत माहीत असेल. म्हणून म्हणतो मी, काका. हौस म्हणून नाही.

शंकेखोर : आता आपण जवळ आलो. तुमच्याकडे मैदान आहे, पोरं आहेत, रोज सहाला उठायची चिकाटी आहे, आणि अर्धं पाऊल नाही. त्याच्याकडे अर्धं पाऊल आहे, पण तो रोज सहाला वसमतला असणार नाही. परदेशी माणसाला नोकरीचा व्हिसा द्यायचा तर वर्षाला सोळा लाखांच्या वर पगार दाखवावा लागतो. आपल्या गावातली कोणती शाळा, कोणती संस्था तो देणार? कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींचे संघ नायजेरियाचे खेळाडू आणतात, कारण तिथे हजारो माणसं बघायला येतात. तिथेसुद्धा आणतात ते मोसमापुरतं, जिंकायला. शिकवायला नाही.

माझा प्रस्ताव वेगळा आहे. मोठ्या क्लबांनी परदेशी स्ट्रायकरच्या करारातच घालावं, की खेळणं संपल्यावर दोन वर्षं तू आमच्या राज्यात शिकवणार. आणि शिकवायचं ते पोरांना नाही, तुमच्यासारख्या शिक्षकांना. परवान्याच्या पायऱ्या आहेतच, डी, सी, बी, ए, पुढे प्रो. त्या अभ्यासक्रमात अशी माणसं उभी करा. तो निघून गेला तरी त्याचं अर्धं पाऊल तुमच्या पायात राहील.

चाहता : प्रस्ताव मला मान्य आहे, पण शंका आता माझी आहे. सहा दिवसांच्या, दहा दिवसांच्या अभ्यासक्रमात अर्धं पाऊल हस्तांतरित होतं का? चाळिशी ओलांडलेल्या माझ्या पायात ते बसेल का? मॅकार्थी मँचेस्टरला गेला तो रोजच्या सरावात हजर राहायला. त्या मोसमात मार्कस रॅशफर्डने ३० गोल केले, नंतरच्या मोसमात त्याचे गोल एकदम घसरले. प्रशिक्षक तोच होता. म्हणजे रोज शेजारी उभं राहूनही जे टिकत नाही, ते माझ्यामार्फत पोरापर्यंत पोचेल? तुम्ही मला मध्ये घालताय. मला ते आवडेल, माझा मान वाढेल. पण पोराचं काय?

शंकेखोर : मग पोरालाच तिकडे पाठवा. पुण्याला, गोव्याला. अनिकेत जाधवही कोल्हापूर सोडून पुण्यात बालेवाडीला गेलाच ना?

चाहता : कोल्हापूरच्या घरात फुटबॉल होता, काका. आपल्याकडच्या बापाला दहावीचे वाढीव गुण कळतात, सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण कळतं, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. सोयाबीनला भाव नसताना त्याने आणखी काय बघावं? पण ते गुण मिळाले की खेळ सुटतो. बाराव्या वर्षी घर सोडून जायला सांगायचं आणि अठराव्या वर्षी हातात काय असेल ते सांगायचं नाही, हे मी कोणत्या तोंडाने करू? तो चपळ पोरगा म्हणतोय ना मी, तो तुमच्याच आळीतला आहे. तुमचा नातू असता तर पाठवला असता?

शंकेखोर : नसता पाठवला. खरं तेच सांगतो. इथल्या इथे, तुमच्याकडे, आठवड्यातून तीन दिवस, एवढं मी कबूल केलं असतं. आणि तुम्ही म्हणता त्याप्रमाणे तेवढ्यावर तो स्ट्रायकर होणार नाही.

चाहता : नाही होणार. फार तर जिल्ह्याच्या संघात येईल.

शंकेखोर : म्हणजे तुमच्या त्या फिरस्त्या माणसाने मायदेश सोडला तेव्हा त्याच्या घरच्यांनी जे केलं, ते आपण करायला तयार नाही, आणि त्याचं फळ मात्र त्याच्याकडून मागतोय.

चाहता : त्यांनी केलं ते परिस्थितीने करायला लावलं होतं. हॅनोव्हर पार्कच्या पोरापुढे वाटा किती होत्या? आपल्या पोरांवर तशी वेळ यावी, असं मी मागणार नाही. तशी वेळ न येताही स्ट्रायकर घडतो का, ते मला बघायचंय. जपानने करून दाखवलं. झिको तिथे आधी खेळायला गेला, मग शिकवायला राहिला, मग त्यांच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला.

शंकेखोर : जपानचे क्लब टिकले, सर. झिको ज्या काशिमाकडून खेळला तो क्लब आजही आहे. आधी मला तीस वर्षं टिकेल असा एक क्लब दाखवा, मराठवाड्यात नको, महाराष्ट्रात कुठेही दाखवा. मग त्यात शिकवायला घानाचा माणूस आणायचा की गोव्याचा, यावर मी तुमच्याशी भांडायला तयार आहे.

चाहता : आणि मी म्हणतो, तो माणूस आधी आणा, त्याला पाच वर्षं राहू द्या, त्याच्या नावावर पोरं जमू द्या, म्हणजे क्लब टिकवायला गावाकडे काही कारण तरी असेल.